पांढऱ्या सुटामागचा तोतया : निक कोह्न, एक वृत्तलेख आणि इतिहासाचे साधन

१/
७ जून १९७६. 'न्यूयॉर्क' नियतकालिकाच्या अंकात एक दीर्घ वृत्तलेख प्रसिद्ध झाला. ब्रुकलिनच्या बे रिज वस्तीतील एका नृत्यगृहात शनिवारी रात्री जमणाऱ्या श्रमिक घरांतील तरुणांची ती हकीकत होती. नायक १८ वर्षांचा व्हिन्सेंट. आठवडाभर संसारोपयोगी वस्तूंच्या दुकानात नोकरी करणारा आणि शनिवारी रात्री नृत्यगृहाचा अनभिषिक्त राजा होणारा. लेखासोबत एक खुलासा छापला होता. यातील सर्व काही वस्तुस्थितीला धरून आहे, लेखकाने ते स्वतः पाहिले आहे किंवा संबंधितांनी त्याला प्रत्यक्ष सांगितले आहे, बदलली आहेत ती केवळ प्रमुख पात्रांची नावे, असा त्याचा आशय होता.

२/
सुमारे दीड वर्षात त्या लेखावरून 'सॅटरडे नाइट फीव्हर' हा चित्रपट निघाला. व्हिन्सेंटचा टोनी मनेरो झाला, पांढऱ्या सुटातील जॉन ट्रॅव्होल्टा जगाच्या स्मृतीत कायमचा कोरला गेला आणि डिस्को म्हणजे हेच, अशी दोन पिढ्यांची समजूत झाली. पुढे १९९०च्या दशकात लेखकाने जाहीर कबुली दिली की, व्हिन्सेंट नावाचा किंवा दुसऱ्या कोणत्याही नावाचा असा तरुण ब्रुकलिनमध्ये त्याला कधी भेटलाच नव्हता. तो त्याने रचला होता. या लेखकाचे नाव निक कोह्न. हा थ्रेड त्याच्या लेखनजीवनाविषयी आहे, आणि साधन खोटे निघाले तर इतिहासाच्या अभ्यासकाने त्याचे काय करावे, या प्रश्नाविषयीही.

३/
आरंभ त्याच्या घरापासूनच करावा लागतो, कारण ते घर इतिहासकारांचे होते. वडील नॉर्मन कोह्न. १९५७ साली त्यांनी 'द पर्स्यूट ऑफ द मिलेनियम' हा ग्रंथ लिहिला. मध्ययुगीन युरोपात 'आता जगाचा अंत होऊन सुवर्णयुग येणार' या श्रद्धेने पेटलेल्या लोकचळवळींचा तो अभ्यास होता. आई व्हेरा ब्रॉयडो सेंट पीटर्सबर्गमध्ये जन्मलेली. रशियन क्रांतिकारी चळवळीतील स्त्रियांवर आणि लेनिन-मेन्शेव्हिक संघर्षावर तिने पुढे ग्रंथ लिहिले. आजी एव्हा ब्रॉयडो स्वतः मेन्शेव्हिक पुढारी. १९२७ साली ती गुप्तपणे सोव्हिएत रशियात परतली, पकडली गेली, आणि १९४१ साली तिला गोळ्या घालण्यात आल्या.

४/
अशा घरात १९४६ साली लंडनमध्ये निकचा जन्म झाला. वडील उत्तर आयर्लंडमधील डेरी शहराच्या मॅगी कॉलेजात फ्रेंचचे अध्यापक असल्यामुळे त्याचे बालपण तिथे गेले. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशी विभागणी पक्की असलेल्या त्या शहरात हे ज्यू-रशियन कुटुंब दोन्ही बाजूंना परकेच. घरात ग्रंथ, बाहेर पाऊस आणि धर्मवाद. तिथेच एका संध्याकाळी कॉफीगृहातील जूकबॉक्समधून अमेरिकन गायक लिटल रिचर्डचा आवाज या पोराच्या कानी पडला. त्या गाण्यावर स्थानिक टेडी बॉईज बेभान नाचत होते. त्या क्षणाला निक कोह्नने आपल्या लेखनात पुढे वारंवार जन्मकथेचा मान दिला आहे.

५/
पुढे कुटुंब इंग्लंडमधील न्यूकॅसलला आले. विद्यापीठाची वाट धरण्याऐवजी निकने किशोरवयातच लंडन गाठले. १९६५ साली, १९ व्या वर्षी, 'मार्केट' ही त्याची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. त्या वर्षीचे लंडन म्हणजे बीटल्स, द हू आणि रोलिंग स्टोन्स यांचे लंडन. मोठ्या वृत्तपत्रांना या तरुणाईचे काय करावे ते उमजत नव्हते. संपादक प्रौढ होते आणि वाचकांना तर नव्या पिढीबद्दल कुतूहल होते. त्यामुळे विशीतल्या, धारदार लिहिणाऱ्या या पोराला दारे आपोआप उघडली. संगीत-पत्रकारिता या व्यवसायालाच अजून नियम नव्हते. त्याची बेशिस्त खपून गेली ती त्यामुळेच.

६/
१९६७ साली 'आय ॲम स्टिल द ग्रेटेस्ट सेज जॉनी अँजेलो' ही त्याची दुसरी कादंबरी आली. एका पॉप गायकाच्या उदयाची, देवत्वाची आणि विनाशाची ती कथा. जॉनीवर पी. जे. प्रोबी या प्रत्यक्षातील गायकाची छाया होती. प्रोबीची कारकीर्द भडक होती आणि आत्मनाशाकडे झुकलेली होती. कोह्नला तीच आवडे. यशस्वी, समंजस, दीर्घायुषी कलावंतापेक्षा क्षणभर लखलखून विझणारा नायक त्याला अधिक खरा वाटे. ही आवड लक्षात ठेवावी. व्हिन्सेंटचा साचा ब्रुकलिनच्या कितीतरी आधी, लंडनमध्येच तयार होत होता.

७/
१९६८च्या वसंतऋतूत, अवघ्या २२ व्या वर्षी, कोह्नने आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील कोनेमारा भागात एक भाड्याचे घर घेतले आणि सात आठवड्यांत रॉक संगीताचा इतिहास लिहून काढला. १९६९ साली तो इंग्लंडमध्ये 'पॉप फ्रॉम द बिगिनिंग' या नावाने निघाला. पुढे लिटल रिचर्डच्या त्या गाजलेल्या आरोळीवरून 'ऑप्बॉपालूबॉप अलॉपबॅमबूम' हे अर्थहीन, नादमय नाव त्याला मिळाले आणि तेच टिकले. या विषयावरील आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते. आजही तो वाचला जातो.

८/
त्या पुस्तकाचा सिद्धान्त सोपा आणि हट्टी होता. पॉप हे जलद, भडक, गोंगाटी, तीन मिनिटांत संपणारे असावे. ते 'कला' होऊ लागले की मेले. म्हणूनच बीटल्सच्या उत्तरकालीन प्रयोगांवर त्याने 'न्यूयॉर्क टाइम्स'मधून कठोर टीका केली आणि बॉब डिलनच्या गांभीर्याचाही त्याला कंटाळा होता. सारे जग ज्यांना डोक्यावर घेत होते, त्यांना हा पोरसवदा समीक्षक मोडीत काढत होता. २२ व्या वर्षी तो आपल्या लाडक्या संगीताचा जणू मृत्युलेखच लिहीत होता. काळाने त्याचे अनेक निर्णय चुकीचे ठरवले, पण तो वेग आणि ती निर्भयता संगीत-समीक्षेत आधी क्वचितच दिसली होती.

९/
इथे साधनचिकित्सेचा पहिला मुद्दा येतो. पुढील एका आवृत्तीच्या प्रस्तावनेत कोह्नने स्वतःच कबूल केले की, लिहिताना त्याच्यापाशी संदर्भग्रंथ नव्हते, संशोधन नव्हते. त्याने मनाला येईल तसे लिहिले, अचूकतेला फारसे महत्त्व दिले नाही आणि परिणामी पुस्तक तपशिलाच्या चुकांनी भरलेले आहे. त्याला हवी होती ती त्या संगीताची नाडी. मराठी वाचकाला ही भूमिका अनोळखी नाही. बखरकार तरी काय करतो? सनावळी चुकते, सैन्याचे आकडे फुगतात, पण प्रसंगाचा आवेश अंगावर येतो. म्हणून तर वि. का. राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल समकालीन कागदपत्रांना प्रमाण मानले.

१०/
कोह्नच्या शब्दाचे वजन किती होते, हे दाखवणारा एक प्रसंग प्रसिद्ध आहे. 'द हू' या वाद्यवृंदाचा पीट टाउनशेंड हा त्याचा मित्र. दोघेही पिनबॉलच्या यंत्रांचे षौकीन. १९६९च्या आरंभी टाउनशेंडने त्याला आपली नवी संगीतिका 'टॉमी' ऐकवली. ऐकू न येणाऱ्या, न दिसणाऱ्या आणि न बोलणाऱ्या मुलाची ती आध्यात्मिक कथा कोह्नला फार गंभीर वाटली. टाउनशेंडने विचारले, हा मुलगा पिनबॉलचा विजेता असेल तर? तसे झाले तर ही श्रेष्ठ कृती ठरेल, असे समीक्षकाचे उत्तर. त्यातून 'पिनबॉल विझार्ड' हे गाणे जन्मले आणि ब्रिटिश लोकप्रियता यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेले.

११/
म्हणजे जो समीक्षक कलाकृतीचा न्याय करणार, त्याच्याच आवडीनुसार ती कलाकृती बदलली गेली. साक्षीदार आणि कर्ता यांच्यातील रेषा इथेच पुसट झाली. १९७० साली कोह्नने पिनबॉल खेळणाऱ्या मुलीवर 'आर्फर' ही कादंबरी लिहिली. १९७३ साली बेल्जियन चित्रकार गी पेलार्ट याच्यासह 'रॉक ड्रीम्स' हे पुस्तक काढले. त्यात गायकांना त्यांच्या गाण्यांतल्या स्वप्नसृष्टीत रंगवले होते, कधीच न घडलेल्या प्रसंगांत. ते इतके गाजले की १९७४ साली डेव्हिड बोवीच्या 'डायमंड डॉग्ज'चे आणि रोलिंग स्टोन्सच्या 'इट्स ओन्ली रॉक अँड रोल'चे मुखपृष्ठ पेलार्टनेच केले. तिथे कल्पित हे कल्पित म्हणूनच मांडलेले होते, फसवणूक कोणाचीच नव्हती.

१२/
१९७५च्या सुमारास कोह्न न्यूयॉर्कला आला आणि 'न्यूयॉर्क' नियतकालिकात लिहू लागला. १९६८ साली क्ले फेल्कर आणि मिल्टन ग्लेझर यांनी सुरू केलेले हे नियतकालिक 'न्यू जर्नलिझम'चे एक प्रमुख पीठ होते. टॉम वुल्फ त्याचा बिनीचा लेखक. बातमी कादंबरीसारखी लिहायची, प्रसंग, संवाद आणि पात्राच्या मनातले विचार यांसह, ही त्याची रीत. रीत वाईट नव्हती, पण तिला अट होती की, प्रत्येक संवाद खरा असला पाहिजे. ही अट मोडल्याचा वाद या नियतकालिकाने आधीच पाहिला होता. १९७१ साली गेल शीही यांच्या एका लेखातील 'रेडपँट्स' ही वेश्या अनेक स्त्रियांचे मिश्रण असल्याचे उघड झाले होते.

१३/
कोह्नच्या नंतरच्या आठवणींनुसार, न्यूयॉर्कच्या डिस्कोजगात त्याचा वाटाड्या होता टू स्वीट नावाचा कृष्णवर्णीय नर्तक. डिस्को कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांच्या क्लबांत उगवला, तेथून इतर कृष्णवर्णीयांत आणि गोऱ्या समलिंगींत पसरला, आणि आता शहराच्या कडेच्या वस्त्यांत पोहोचला आहे, ही उत्पत्तिकथा त्यानेच सांगितली. त्या पसरण्याच्या शेवटच्या टोकाला होते बे रिज, आणि तिथला '२००१ ओडिसी' हा क्लब. अस्सल माहिती देणारा साक्षीदार कोह्नच्या शेजारी होता. लेखाचा नायक मात्र वेगळाच झाला.

१४/
पहिल्या रात्री कोह्न क्लबपाशी उतरला तेव्हा बाहेर मद्यधुंद मारामारी चालू होती आणि त्यातील एकाने त्याच्या विजारीवर ओकारी केली. तो तसाच परत फिरला. जाताना दारात उभी असलेली एक आकृती मात्र त्याच्या नजरेत भरली. गडद लाल विजार, काळा सदरा, आणि सारे शांतपणे न्याहाळणारी स्थिर मुद्रा. पुढे तो चित्रकार जेम्स मॅकम्युलन याला घेऊन पुन्हा गेला. ती आकृती काही सापडली नाही. दिवसा वस्तीत हिंडून पाहिले. परक्या माणसाशी मोकळेपणाने बोलायला कोणी तयार नव्हते. आणि हातात लेख तर द्यायचा होता.

१५/
मग त्याने तो मनानेच लिहिला. बे रिजच्या जीवनातले त्याला काहीच ठाऊक नव्हते, पण लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातला एक मॉड तरुण ठाऊक होता. १९६०च्या दशकातला, कपड्यांवर जीव टाकणारा, आपल्या गल्लीत राजासारखा वावरणारा. कोह्नने त्या तरुणाला दहा वर्षे पुढे आणि एक महासागर पलीकडे नेले, त्याला इटालियन वंश दिला, ब्रुकलिनचे दुकान दिले आणि व्हिन्सेंट हे नाव दिले. १७७६ साली पानिपतावर पडलेल्या भाऊसाहेबांच्या तोतयाचे बंड मोडण्यात आले. त्या तोतयाला निदान एका खऱ्या माणसाचे नाव घ्यावे लागले होते. बरोबर २०० वर्षांनी आलेल्या या तोतयामागे मूळ भाऊसाहेबच नव्हते!

१६/
एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. मॅकम्युलन याने त्या क्लबात छायाचित्रे टिपली होती आणि लेखातील चित्रे त्यांच्या आधारे रंगवली होती. म्हणजे एकाच लेखात दोन साधने शेजारी छापली गेली. चित्र, जे सामान्यतः कल्पनेचे मानले जाते, ते प्रत्यक्षावर आधारलेले. मजकूर, ज्यावर वस्तुस्थितीचा शिक्का होता, तो कल्पित. साधनाचा प्रकार पाहून त्याची विश्वासार्हता ठरवू नये, हा नियम अभ्यासक्रमात शिकवला जातो. त्याचे याहून स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

१७/
लेख वाचून रॉबर्ट स्टिगवुड या निर्मात्याने चित्रपटाचे हक्क घेतले. 'टॉमी'वरील १९७५च्या चित्रपटाचाही तोच निर्माता, आणि 'बी जीज' या गायकबंधूंचाही तोच व्यवस्थापक. पटकथा नॉर्मन वेक्सलरने लिहिली, दिग्दर्शन जॉन बॅडमने केले. डिसेंबर १९७७ मध्ये चित्रपट झळकला. त्याच्या गाण्यांचा संच १९७८ साली बिलबोर्डच्या यादीत सलग २४ आठवडे पहिल्या स्थानावर राहिला आणि त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. ट्रॅव्होल्टाला ऑस्करचे नामांकन मिळाले. चित्रीकरण त्याच '२००१ ओडिसी'त झाले. खाली दिवे लागणारी ती प्रसिद्ध नृत्यभूमी मात्र चित्रपटासाठी बनवलेली होती.

१८/
आता मुख्य प्रश्न. यात कोणाचे काय गेले? सर्वांत मोठे नुकसान स्मृतीचे झाले. डिस्कोचा उगम १९७०च्या आरंभी न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी समाजांच्या क्लबांत झाला. डेव्हिड मॅन्कुसोच्या 'द लॉफ्ट'मध्ये १९७० पासून अशा मैफली रंगत होत्या. जिथे जगाकडून झिडकारले गेलेले लोक रात्रभर सुरक्षितपणे नाचू शकत, अशा जागा त्या होत्या. चित्रपटाने जगासमोर डिस्कोचा चेहरा म्हणून ठेवला तो गोरा, विषमलिंगी, इटालियन वंशाचा टोनी. ज्यांनी हे घर बांधले ते अंगणात राहिले आणि पाटी दुसऱ्याच्या नावाची लागली.

१९/
असे होणे अटळ नव्हते, कारण खरे वृत्तांकन त्याच शहरात उपलब्ध होते. व्हिन्स अलेट्टी या समीक्षकाने सप्टेंबर १९७३ मध्येच 'रोलिंग स्टोन'मध्ये डिस्को-संस्कृतीवर लेख लिहिला होता, आणि १९७४ ते १९७८ या काळात 'रेकॉर्ड वर्ल्ड' साप्ताहिकात तो डिस्कोवर नियमित सदर चालवत होता. कोणत्या क्लबात कोणता तबकडीवादक कोणत्या तबकड्या वाजवतो, याच्या याद्यांसह. रूक्ष, तपशीलवार, दर आठवड्याचे काम. आज डिस्कोच्या अभ्यासकाला आधार मिळतो तो या सदरांचा. हॉलीवूडने मात्र याद्या घेतल्या नाहीत, गोष्ट घेतली. गोष्टीला नायक होता. यादीला नव्हता.

२०/
कल्पित पात्राने मग खरा इतिहास घडवला. अमेरिकेत हजारो तरुण टोनीसारखे कपडे घालून नाचू लागले. डिस्कोचा अतिरेक झाला आणि प्रतिक्रियाही तितकीच उग्र आली. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानात बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला. जमाव मैदानात घुसला आणि दुसरा सामना रद्द करावा लागला. त्या रोषाला वर्णद्वेषाची आणि समलिंगीद्वेषाची किनार होती, असे अनेक अभ्यासक मानतात. नफ्यात ज्यांना वाटा मिळाला नव्हता, द्वेषात मात्र त्यांचा वाटा अबाधित राहिला.

२१/
ही लाट मुंबईपर्यंतही आली. १९८०च्या 'कुर्बानी'त बिद्दू या मूळ बंगळुरूच्या आणि लंडनमध्ये स्थिरावलेल्या संगीतकाराने नाझिया हसनच्या आवाजात एक डिस्को गीत दिले आणि ते देशभर वाजले. डिसेंबर १९८२ मध्ये मिथुन चक्रवर्ती आणि बप्पी लाहिरी यांचा 'डिस्को डान्सर' आला व पुढे सोव्हिएत संघातही अफाट लोकप्रिय झाला. याच बिद्दूने १९७४ सालीच 'कुंग फू फायटिंग' या जगभर गाजलेल्या गाण्याची निर्मिती केली होती, व्हिन्सेंट कागदावर उतरण्याच्या दोन वर्षे आधी. डिस्कोच्या खऱ्या वंशावळीत एक भारतीय माणूसही आहे, हे त्या पांढऱ्या सुटाच्या झगमगाटात सहसा दिसत नाही.

२२/
आता पुन्हा घराकडे वळू. १९६७ साली नॉर्मन कोह्न यांनी 'वॉरंट फॉर जेनोसाइड' हा ग्रंथ लिहिला. 'झायनच्या वडीलधाऱ्यांचे प्रोटोकॉल्स' या ज्यूद्वेषी बनावट दस्तऐवजाचा तो इतिहास. १८६४ साली मोरिस जोली याने तिसऱ्या नेपोलियनवर लिहिलेल्या उपरोधिका चोरून हा दस्तऐवज रचला गेला, हे १९२१ सालीच लंडनच्या 'टाइम्स'ने उघड केले होते. तरीही तो पसरत राहिला आणि नाझींच्या हातातले शस्त्र झाला. कोह्न यांनी त्यापुढचा प्रश्न विचारला. खोटे असल्याचे सिद्ध होऊनही लोकांनी त्यावर विश्वास का ठेवला?

२३/
१९७५ साली त्यांचा 'युरोप्स इनर डीमन्स' प्रसिद्ध झाला. १४ व्या शतकात दक्षिण फ्रान्समध्ये चेटकिणींवर सामूहिक खटले चालले, असे इतिहासकार पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आले होते. कोह्न यांनी माग काढत दाखवले की हे सारे खटले १८२९ सालच्या एका पुस्तकापाशी येऊन थांबतात. त्याचा लेखक लामोथ-लांगोन हा मूळचा कादंबरीकार होता आणि त्याने ते खटले चक्क रचले होते. कादंबरीकाराने कल्पनेला दस्तऐवजाचा वेष चढवला आणि विद्वान त्यावर विसंबले, हा वडिलांचा शोध १९७५चा. आणि १९७६ साली मुलगा, मूळचा कादंबरीकार, 'सर्व काही वस्तुस्थितीला धरून' असा खुलासा जोडत होता!

२४/
दोन्हींची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. प्रोटोकॉल्सने माणसे मारण्याला निमित्त पुरवले. व्हिन्सेंटने फार तर लोकांना नाचवले. पण बनावटीची यंत्रणा सारखीच आहे. वाचकाला जे ऐकायचे आहे तेच बनावट साधन त्याला ऐकवते. मॅनहॅटनमधील सुशिक्षित वाचकाला ब्रुकलिनचा कामकरी पोरगा जमातीसारखा, विधींसारखा, दूरच्या बेटावरील माणसासारखा पाहायचा होता. लेखाच्या मूळ शीर्षकातच जमातीचे विधी हे शब्द होते. म्हणून कोणी तपासणी केली नाही. पुढे १९८१ साली 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या जॅनेट कुक यांना आठ वर्षांच्या व्यसनी मुलाची कल्पित कथा लिहिल्याबद्दल पुलित्झर परत करावे लागले. कोह्नला परत करायला पारितोषिकच नव्हते.

२५/
कबुलीच्या आसपासचे त्याचे लेखन पाहणे उद्बोधक आहे. १९९२च्या 'द हार्ट ऑफ द वर्ल्ड'मध्ये त्याने ब्रॉडवे हा रस्ता पायी पालथा घातला आणि तिथल्या माणसांच्या कहाण्या ऐकल्या. १९९९च्या 'येस वी हॅव नो'मध्ये इंग्लंडमधील उपेक्षितांमध्ये फिरला. २००५च्या 'ट्रिक्स्टा'मध्ये तो न्यू ऑर्लिन्सच्या रॅप जगात शिरला, संगीत-निर्माता होण्याची धडपड केली आणि फसला. हे पुस्तक कटरिना वादळाने ते शहर उद्ध्वस्त केले त्याच वर्षीचे. या पुस्तकांत परका, अवघडलेला, चुकणारा माणूस म्हणून तो स्वतः हजर आहे. १९७६ साली दारातून परत फिरलेला पत्रकार अखेर आत जाऊन बसला होता.

२६/
मग त्या लेखाचे काय करावे? फेकून द्यावा? नाही. बे रिजच्या तरुणांविषयी तो फारसे काही सिद्ध करत नाही. पण शेफर्ड्स बुशच्या एका मॉडची स्मृती लेखकाने कशी जपली, १९७६च्या नियतकालिकाला कसा गरीब माणूस हवा होता, आणि त्याची तपासणी किती ढिली होती, याचा तो अस्सल पुरावा आहे. खोटे साधनही साधनच असते. ते ज्याच्याविषयी बोलते त्याच्याविषयी नव्हे, तर ज्याने रचले आणि ज्यांनी मानले त्यांच्याविषयी साक्ष देते. नॉर्मन कोह्न यांनी प्रोटोकॉल्स वाचले ते याच रीतीने. मुलाचा लेख वाचण्याची किल्ली वडिलांच्या ग्रंथांत आहे.

२७/
शेवटी एक तपशील. '२००१ ओडिसी' क्लब पुढे बंद झाला आणि त्याच वास्तूत 'स्पेक्ट्रम' नावाचा समलिंगी क्लब सुरू झाला. चित्रपटाने ज्यांना बाजूला सारले होते तेच लोक, टोनी मनेरोसाठी बांधलेल्या त्याच नृत्यभूमीवर, २००५ पर्यंत नाचत राहिले. पुढे ती वास्तूही पाडली गेली. व्हिन्सेंटचा पांढरा सूट आजही सर्वांच्या ध्यानात आहे. टू स्वीट, मॅन्कुसो, अलेट्टी ही नावे मात्र शोधावी लागतात. वाचकहो, एखादी हकीकत फारच सुंदर जुळून आलेली दिसली, तर तिच्या दारात कोण उभा होता आणि आत कोण नाचत होते, हे एकदा विचारून पाहावे.

#थ्रेड समाप्त